बटनवाल्या बाई

आमच्या घरमालकीणबाई कुणाच्याही घरी गेल्या की बसायच्या आधी टीव्हीच्या पाठीवर हात ठेवायच्या. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, आधी तळवा, मग उलटा हात, डोळे थोडे बारीक करून. टीव्ही बंद असायचा. म्हणजे घरातल्या माणसांच्या मते तो बंद असायचा. बाई हात काढून घ्यायच्या आणि अगदी शांतपणे सांगायच्या, "याच्या अंगात कणकण आहे."

हळदीकुंकवाला गेल्या तरी हेच. यजमानीण करंडा घेऊन पुढं येईपर्यंत बाईंचा एक हात टीव्हीच्या मागं गेलेला असायचा आणि तिला कुंकू लावायला त्यांच्या मागोमाग कोपऱ्यापर्यंत जावं लागायचं. गल्लीतल्या बायकांनी त्यांना बटनवाल्या बाई असं नाव ठेवलं होतं. तोंडावर मात्र सगळ्या हिंदीच्या बाई म्हणायच्या, कारण बाईंनी जन्मभर शाळेत हिंदी शिकवलं होतं आणि गल्लीतली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली होती. चांगली दुकानं सांभाळणारी, मिशा पिकलेली माणसंसुद्धा बाई समोरून येताना दिसल्या की हातातली सिगारेट पाठीमागं न्यायची.

उंच, सडसडीत बाई. सुती पातळ, पदर कमरेला घट्ट खोचलेला, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. आवाज असा की शेवटच्या बाकापर्यंत जावा. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण आवाज काही निवृत्त झाला नव्हता. नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही. एक भाचा पुण्याला नोकरीत होता, तो दिवाळीला येऊन जायचा.

लग्न झालं आणि मी भोकरदनहून जुन्या जालन्यात आले. माझे यजमान बियाण्यांच्या एका कंपनीत होते, हंगाम सुरू झाला की सतत फिरतीवर. तेव्हा जालन्यात खोली मागायला गेलं की चहाच्या आधी प्रश्न यायचे. गाव कोणतं, आडनाव काय, घरात काय शिजतं. आमची उत्तरं ऐकली की खोली नेमकी कालच कुणाला तरी दिली गेलेली असायची. बाईंच्या दारातही आम्ही ती उत्तरं तोंडाशी घेऊनच उभे होतो. बाईंनी त्यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी विचारलं, विजेवर चालणारं काय काय आहे. यजमानांनी मोठ्या अभिमानानं सांगितलं की घड्याळवाला टेप आहे, लग्नात मित्रांनी दिलेला.

"बंद कुठून करता?"

"त्याच्याच बटनानं," यजमान म्हणाले.

चुकीचं उत्तर देणाऱ्या पोराकडं बघावं तसं बाईंनी त्यांच्याकडं बघितलं. "त्याला बंद म्हणत न्हाईत. तो फक्त गप्प बसलाय. पोरगं वर्गात गप्प बसलं म्हणून ते झोपलं असं होतं का? भिंतीवरचं बटन दाबायचं. तेवढं बराबर करणार असाल तर आजच सामान आणा."

आम्ही त्याच दिवशी सामान आणलं. ते आणायला जाताना यजमान म्हणाले की बाई विक्षिप्त दिसतात. मला मात्र रडू येत होतं. इतक्या घरांच्या पायऱ्या उतरल्यावर कुणीतरी आम्हाला फक्त बटनाबद्दल विचारलं होतं.

वरच्या दोन खोल्या आमच्या, खाली बाई. वरच्या मजल्याचा मेन स्विच मात्र खालच्या बोळात, मीटरच्या शेजारी. आम्ही दोघं बाहेर पडलो की बाई तो खाली ओढायच्या. आम्ही परत आलो की पायरीवर आमचं पाऊल वाजताच वर करायच्या. त्यामुळं टेपचं घड्याळ दर वेळी पहिल्यापासून सुरू व्हायचं आणि लाल आकड्यांत बारा बारा करत उघडझाप करत बसायचं. यजमान सुरुवातीला रोज वेळ लावायचे. नंतर त्यांनी तो नाद सोडला. आलेल्या पाहुण्यानं टेपकडं बघून काही विचारलं की ते सांगायचे, या घरात कधीही या, आमचे बाराच वाजलेले असतात. हे बाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी आपलं मनगटावरचं चावीचं घड्याळ काढून आमच्या खिडकीत आणून ठेवलं. वर, याला रोज चावी देत जा, असंही सांगितलं.

बाईंचा एक शब्द ठरलेला होता, "कुणासाठी?" जिन्यातला दिवा दिवसा जळताना दिसला की कुणासाठी. बैठकीत कुणी नाही आणि पंखा चालू आहे, कुणासाठी. पण तो शब्द विजेपुरता राहिला नव्हता. गल्लीच्या कोपऱ्यावर एखाद्या पुढाऱ्याची सभा असायची, समोर सतरंजीवर कुत्रं झोपलेलं आणि कर्णा जोरात. बाई भाजीची पिशवी घेऊन थांबायच्या, सतरंजीकडं बघायच्या आणि भाषण करणाऱ्याला खालून विचारायच्या. तोही बहुतेक त्यांचाच विद्यार्थी. तो माईकवरच "नमस्कार बाई" म्हणायचा आणि भाषण आवरतं घ्यायचा.

हे वेड त्यांना कसं लागलं ते त्यांनी मला एका दुपारी सांगितलं. आम्ही दोघी बोळात हरभरे सोलत बसलो होतो. बोळात बसायचं कारण तिथं गारवा असायचा आणि वर मीटर दिसायचा. जुना काळा मीटर, काचेआड ॲल्युमिनियमची चकती, तिच्या कडेला एक काळी खूण.

निवृत्तीनंतर भाच्यानं त्यांना रिमोटवाला रंगीत टीव्ही आणून दिला होता आणि सोबत व्होल्टेज सांभाळणारा स्टॅबिलायझर. मावशी, आता उठायला नको, बसल्या जागी बंद करत जा, असं सांगून तो गेला. काही दिवसांनी बाई अशाच या बोळात गहू निवडत बसल्या होत्या. घरात चिटपाखरू नाही, दिवे बंद, पंखे बंद, आमच्या खोल्या तेव्हा रिकाम्या. सहज वर लक्ष गेलं तर चकती फिरत होती. हळूहळू, पण फिरत होती. काळी खूण मागं गेली आणि थोड्या वेळानं पुन्हा समोर आली.

बाईंना आधी चोरीचा संशय आला. त्या गच्चीवर जाऊन कुणी तार टाकलीय का ते बघून आल्या. मग वायरमनला बोलावलं. त्यानं बघितलं आणि सांगितलं की चोरीबिरी काही नाही, घरातल्याच वस्तू थोडं थोडं घेतात, एवढं तर चालतंच. बाईंना वीज कळत नव्हती, पण 'एवढं तर चालतंच' हे वाक्य त्यांनी शाळेत जन्मभर ऐकलं होतं आणि कधी चालू दिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी एकेक वस्तू भिंतीवरून बंद करायला घेतली. टीव्ही बंद करून मीटर बघितला, चकती जरा मंदावली. स्टॅबिलायझर बंद केला, आणखी मंदावली. मग दारावरच्या घंटीचा डबा, मग छोट्या रेडिओचा अडॅप्टर. प्रत्येक वेळी आत जायचं, बटन दाबायचं, बाहेर येऊन मान वर करून बघायचं.

"आणि शेवटचं काढलं तशी थांबली बघ," बाई म्हणाल्या. त्यांच्या हातातला हरभऱ्याचा घाटा तसाच राहिला होता. "पोरी, दंगा करणारा वर्ग आपण दारात उभं राह्यलो का एकदम शांत होतो ना, तसं वाटलं. निवृत्त झाल्यापासून ती शांतता मला भेटली नव्हती."

मग ते शोधणं त्यांनी सोडलंच नाही. बटनं उंचावर होती आणि त्यांचे गुडघे दुखायचे, म्हणून त्यांनी शाळेतली लाकडी पट्टी हाताशी ठेवली. खुर्चीत बसून पट्टीच्या टोकानं बटन खाली पाडायच्या. नेम इतका पक्का की कधी चुकला नाही.

सगळंच त्यांना बरोबर कळलं होतं असं नाही. एकदा त्यांनी फोनची वायरसुद्धा काढून ठेवली, का तर तो दिवसभर नुसता बसून असतो. पुण्याचा भाचा फोन लावून लावून घाबरला. शेवटी त्यानं जालन्यातल्या एका मित्राला घरी पाठवलं. मित्र दारात येऊन हळू आवाजात मला विचारायला लागला की बाईंचं नेमकं कधी झालं. बाई आतून चहाचा कप घेऊन बाहेर आल्या. यजमानांनी मग त्यांना समजावून सांगितलं की फोन आपल्या मीटरवर चालतच नाही, त्याची वीज फोनच्याच तारेतून येते. बाईंनी वायर परत जोडली आणि म्हणाल्या, बिचारा घरून डबा घेऊन येतो आणि मी त्याला उपाशी ठेवलं.

ही चूक हसण्यावारी गेली. पुढची गेली नाही.

आमच्या समोर कापडाच्या ठोक दुकानदाराचं घर होतं. त्या घरच्या काकू बाईंच्या अगदी जुन्या मैत्रीण. दोघी रोज संध्याकाळी ओट्यावर बसायच्या. काकूंच्या मुलीचा साखरपुडा होता. पाहुणे दुसऱ्या दिवशी यायचे होते आणि बासुंदीचं दूध आदल्या दिवशीच आटवून फ्रीजमध्ये ठेवलेलं. बाई मदतीला गेल्या. जाता-येता त्यांचा हात फ्रीजच्या स्टॅबिलायझरला लागला. तो चांगलाच गरम होता. घरात गडबड, कुणाचं लक्ष नाही. बाईंनी सवयीनं बटन खाली केलं आणि घरी आल्या.

उन्हाळ्याचे दिवस होते. सकाळी फ्रीज उघडला तेव्हा सगळं दूध नासलेलं. पाहुण्यांपुढं बाजारातली मिठाई ठेवावी लागली. मुलाकडच्यांनी तोंडावर काही म्हटलं नाही, पण काकूंना ते फार लागलं. बाई स्वतः ताजं दूध घेऊन रस्ता ओलांडून गेल्या तर काकूंनी दारातच सांगितलं की आता या घरात पाऊल टाकू नका. दूध परत आलं.

त्यानंतर बाई गल्लीत कुणाकडंही गेल्या नाहीत. संध्याकाळी ओट्यावर एकट्या बसायच्या, समोर काकूंचं दार लागलेलं. आमचा मेन स्विचही त्यांनी ओढायचा सोडला. टेपचं घड्याळ बरोबर वेळ दाखवायला लागलं आणि ते बघून आम्हालाच चुकल्यासारखं वाटायला लागलं. एकदा मी त्यांच्याजवळ जाऊन बसले तर त्यांनी सरकून जागा दिली. मग म्हणाल्या, "गरम लागलं म्हणजे वाया चाललंय, असं न्हाई. काही वस्तू काम करून गरम होतात. मी आधी विचारायला पाह्यजे होतं. वर्गात तर मी आधी विचारत होते."

त्याच वर्षी थंडीत माझी मुलगी झाली, आठव्याच महिन्यात. इतकीशी की माझ्या आईनं तिला हातात घेतलं तेव्हा दुपट्याचंच वजन जास्त वाटलं. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं की हिला थंडी लागता कामा नये. आईच्या छातीशी उघड्या अंगाला लावून ठेवा, डोक्यात टोपडं, आणि खोली उबदार राहील असा दिवा चालू ठेवा. आमच्या वरच्या खोल्यांवर पत्रे होते, पौषात ते बर्फासारखे व्हायचे. आम्ही रिक्षातून उतरलो तेव्हा बाईंनी आपली मधली खोली रिकामी करून ठेवली होती. पलंग भिंतीपासून सरकवलेला, खिडकीच्या फटी कापडाच्या चिंध्यांनी बुजवलेल्या, आणि उशाला, थोड्या अंतरावर, मोठा पिवळा बल्ब. बाईंनी स्वतः तो लावला होता. माझी आई भोकरदनहून आली होती. यजमान फिरतीवर, तिकडं विदर्भात अडकलेले.

काही दिवस बरे गेले. मग एका सकाळी गल्लीच्या तोंडाशी मोठा आवाज झाला आणि वीज गेली. ट्रान्सफॉर्मर जळाला होता. वायरमन येऊन बघून गेला, नवा यायला वेळ लागेल म्हणाला. भाच्यानं त्या दिवाळीला बाईंना इन्व्हर्टर बसवून दिला होता, त्यामुळं आमचा बल्ब चालू राहिला. पण बॅटरी किती वेळ पुरेल हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. पोरगी माझ्या छातीशी होती आणि मी सारखी बल्बकडं बघत होते. तो जरा फडफडला असं वाटलं तरी मी पोरीला आणखी जवळ ओढायची.

बाईंनी टीव्हीचं, घंटीचं, सगळ्यांचं बटन आधीच खाली ठेवलेलं होतं. तरी त्या पट्टी घेऊन घरभर एकदा फिरून आल्या. इन्व्हर्टरवर त्या बल्बाशिवाय दुसरं काहीही नव्हतं. मग येऊन पलंगाशेजारच्या खुर्चीत बसल्या आणि मला म्हणाल्या, तू दिव्याकडं बघू नको, पोरीकडं बघ, दिव्याकडं मी बघते.

दुपार झाली. गल्लीत आणखी काही घरांत इन्व्हर्टर होते. समोर काकूंकडं तर आमच्यापेक्षा मोठा. पण त्यावर सगळं घर जोडलेलं, आणि कुणी काही बंद केलेलं नव्हतं. तो दुपारीच बसला. एकेक करून बाकीचेही बसले. दिवेलागणीला सगळी गल्ली काळोखी आणि आमच्या मधल्या खोलीच्या खिडकीत तेवढा पिवळा उजेड.

त्याच वेळी दारात काकू उभ्या राहिल्या. अंगावर शाल, हातात गरम पाण्याच्या दोन रबरी पिशव्या, फडक्यात गुंडाळलेल्या. साखरपुड्यापासून त्या आमच्या उंबऱ्याला आल्या नव्हत्या. बाई खुर्चीतून उठल्या. काकूंनी पिशव्या माझ्या आईच्या हातात दिल्या, आईनं त्या दुपट्याच्या बाहेरून, अंगाला लागणार नाहीत अशा, बाळाच्या पायाशी ठेवल्या. मग काकूंनी बल्बकडं बघितलं.

"तुमचा अजून चालूच कसा?" त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांत बाईंना असा प्रश्न आपणहून कुणी विचारला नव्हता. मला वाटलं आता बाई सुरू होतील. टीव्ही, स्टॅबिलायझर, चकती, सगळं सांगतील. बाई एवढंच म्हणाल्या, "चालू आहे बाई. बस. उभी काहून राह्यलीस?"

काकू बसल्या. माझी पाठ अवघडली तेव्हा त्यांनी पोरीला मागून घेतलं आणि शालीच्या आत स्वतःच्या छातीशी धरलं. नंतर आईनं धरलं. बाईंनी मात्र घेतलं नाही. मला येत न्हाई ते, म्हणाल्या, आणि दिव्याकडं बघत राहिल्या.

इन्व्हर्टरनं ती रात्र काढून दिली. सकाळी ऊन वर येताना तो बारीक आवाजात ओरडायला लागला आणि थोड्या वेळात बल्ब विझला. पण तोवर ओट्यावर ऊन आलं होतं. वाऱ्याला आडोसा म्हणून काकूंनी ओट्याला सतरंज्या बांधल्या आणि आम्ही पाळीपाळीनं तिथं पोरीला घेऊन बसलो. दुपारनंतर ट्रक नवा ट्रान्सफॉर्मर घेऊन आला. वीज आली तेव्हा गल्लीत पोरांनी ओरडा केला आणि माझी मुलगी दचकून रडली. तोपर्यंत तिचं रडणं मांजराच्या पिलासारखं असायचं. त्या दिवशी पहिल्यांदा ती माणसाच्या पोरासारखी रडली. बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. बराच वेळ पुसत होत्या.

पुढच्या रविवारी काकूंनी स्वतः येऊन बाईंना सांगितलं की आमच्याकडं या आणि सगळ्या वस्तूंना हात लावून बघा. बाई म्हणाल्या, येते, पण बटन मी दाबणार न्हाई, मी विचारणार आणि तू दाबायचं. तसंच झालं. मी बाळाला पोटाशी बांधून मागून गेले. बाई हात लावायच्या, हे काय करतंय असं विचारायच्या, काकू सांगायच्या, आणि सांगता आलं नाही तर बंद करायच्या. फ्रीजपाशी आल्यावर बाईंनी दोन्ही हात मागं बांधले. काकूंना इतकं हसू आलं की त्या तिथंच खाली बसल्या.

एका घरातून दुसऱ्या घरात बोलावणी येत गेली. एका घरी माळ्यावर केबलचा बूस्टर चालू सापडला, त्या घरानं केबल कधीच सोडली होती. सगळ्यांत मोठी गंमत गल्लीच्या टोकाच्या घरात झाली. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक स्टॅबिलायझर गुरगुरत होता, चांगला गरम. बाईंनी विचारलं, याच्यावर काय आहे. घरची सून म्हणाली, फ्रीज. फ्रीज कुठाय? सून गोंधळली, मग म्हणाली की तो तर मागंच विकला.

"मंग हा कुणाला सांभाळून राह्यलाय?" बाईंनी विचारलं.

ही गोष्ट गल्लीभर झाली. पुढं कुणी उगाच दारात रेंगाळताना दिसलं की बायका म्हणायच्या, हा त्या स्टॅबिलायझरसारखा उभा राह्यलाय. बटनवाल्या बाई हे नाव तसंच राहिलं, पण आता ते तोंडावर म्हटलं जायचं आणि बाई त्याला ओ द्यायच्या.

दोन-तीन वर्षांनी मीटर बदलायला माणसं आली. काळा मीटर काढून त्यांनी पांढरा, आकडेवाला मीटर बसवला. चकती गेली. बाई खुर्ची घेऊन नव्या मीटरसमोर बसल्या. त्यावर एक बारीक लाल दिवा होता. टीव्हीवरचा, स्टॅबिलायझरवरचा, सगळ्या घरात शोधून शोधून विझवलेला लाल ठिपका आता सरकारनं आणून भिंतीवर लावला होता. मीटर बसवणाऱ्या माणसाला त्यांनी हा कुणासाठी म्हणून विचारलं. तो भला माणूस होता. त्यानं पाना खाली ठेवला, बाईंना घरातला पंखा लावायला सांगितला, आणि मग दिवा कसा भराभर लुकलुकतो ते दाखवलं. मग पंखा बंद करायला लावला. दिवा लुकलुकायचा थांबला. बाईंनी त्याला चहा दिला. संध्याकाळी मी खाली गेले तर त्या माझ्या मुलीला मांडीवर घेऊन तो खेळ दाखवत होत्या. एव्हाना त्यांना पोर घेता यायला लागलं होतं.

मग मला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षणसेवक म्हणून नेमणूक मिळाली. गाव अंबड तालुक्यातलं. सगळीकडं कपाशीची रानं, एक छोटा चौक, दोन चहाची दुकानं, सातवीपर्यंत शाळा. यजमानांनीही त्याच भागातलं काम मागून घेतलं. आम्हाला जालना सोडावं लागलं. निघताना बाई ट्रकपाशी उभ्या होत्या, माझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून. पहिल्या घरानं आम्हाला खोली दिली असती तर ही बाई आपल्याला भेटलीच नसती, एवढंच राहून राहून मनात येत होतं.

काकूंचा अधूनमधून फोन यायचा. वरच्या खोल्या बाईंनी कुणाला दिल्या नाहीत, त्या ओट्यावर बसतात पण बोलत नाहीत, गुडघे जास्त झाले आहेत, असं त्या सांगायच्या. भाचा पुण्याला चला म्हणत होता, बाई नाही म्हणत होत्या. मी पत्र लिहिलं की थोडे दिवस आमच्याकडं या. येतील असं वाटलं नव्हतं. संक्रांतीनंतर एका दुपारी चौकात एसटी थांबली आणि बाई उतरल्या. एक पिशवी, आणि पिशवीतून डोकावणारी लाकडी पट्टी. परवाच्या गाडीनं परत जाणार, हे त्यांनी उतरल्या उतरल्या सांगून टाकलं.

आमच्या गावात वीज यायचीच कमी. सकाळी थोडी, मग गायब, मग संध्याकाळी कधीतरी. आमच्या घरात दोन दिवे आणि एक पंखा. पहिल्या संध्याकाळी बाई खोलीतून खोलीत फिरल्या, भिंती बघितल्या, आणि येऊन ओसरीत बसल्या. हात मांडीवर ठेवलेले, पण बोटं हलत होती.

"पोरी, इथं तर बंद करायला काहीच न्हाई," त्या म्हणाल्या. तक्रार नव्हती ती. पण एखाद्याचं काम काढून घेतल्यावर तो जसा बसतो तशा त्या बसल्या होत्या, आणि मला त्यांना उगाच बोलावलं असं वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना शाळेत नेलं, नुसतं दाखवायला. पाचवी ते सातवीला हिंदी होतं आणि ते माझ्याकडं आलेलं. माझं हिंदी म्हणजे बाजारात निभावण्याइतकं. बाई मागं बाकावर बसून ऐकत होत्या. मी एक वाक्य वाचलं, बाईंनी खोकून घशातल्या घशात काहीतरी केलं. मी दुसरं वाचलं. बाई उठल्या, गुडघ्यावर हात देत पुढं आल्या आणि माझ्या हातातून खडू घेतला. मी मागं जाऊन त्यांच्या जागेवर बसले. तो आवाज मी तोवर फक्त बोळात आणि जिन्यात ऐकला होता. वर्गात तो पहिल्यांदा ऐकला, आणि तो कुठल्या मापाचा होता ते मला तेव्हा कळलं.

त्यांच्या जाण्याच्या दिवशी एसटी वेळेवर आली. मी त्यांची पिशवी घेऊन चौकात उभी होते. बाईंचा पत्ता नव्हता. मी कंडक्टरला जरा थांबायला सांगून शाळेकडं पळाले. बाई फळ्यापाशी होत्या, पदर खोचलेला, दोन्ही हातांना खडू. मी दारातून सांगितलं की गाडी आलीय.

त्यांनी मागं वळूनही बघितलं नाही. "त्याला म्हणावं जा. पोरांचा काळ अर्धाच झालाय. भूतकाळ झाला, भविष्यकाळ राह्यलाय."

मी परत चौकात गेले आणि कंडक्टरला तसं सांगितलं. त्यानं घंटी दिली. गाडी धूळ उडवत अंबडच्या रस्त्याला लागली. मी पिशवी खांद्याला लावून उभी राहिले. शाळेच्या खिडक्यांतून सगळी पोरं एका सुरात, बेंबीच्या देठापासून ओरडत होती, "मैं जाऊँगा, हम जाएँगे, मैं जाऊँगा, हम जाएँगे." बाई परीक्षा होईपर्यंत राहिल्या.